फाटकाजवळची जागा

जळगावहून सकाळच्या एसटीने मी धुळ्याला उतरले आणि रिक्षा करून देवपूरला आले. दवाखान्याच्या फाटकापाशी आई आणि माझा धाकटा भाऊ अभिमन आधीच उभे होते. त्यांच्या पुढ्यात जमिनीवर पांढऱ्या फक्कीने एक चौकोन आखलेला होता.

"अक्का, ही जागा," अभिमन म्हणाला. "कशी वाटते?"

जनरेटर आमच्या आबांच्या स्मरणार्थ बसायचा होता. आबा गेले ते याच दवाखान्यात. न्यूमोनियाने छाती भरली होती आणि कफ ओढणारं यंत्र लावलेलं होतं. भर दुपारी लाइट गेली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, त्यामुळे लाइट गेल्याचं नर्सच्या टेबलापाशी कुणाला कळलंही नाही. यंत्राची घरघर तेवढी थांबली. मी नर्सला हाका मारत धावले. ती आली, यंत्र तपासलं, बटण दोनदा दाबलं आणि म्हणाली, "लाइट नाहीये." तिच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. लाइट संध्याकाळी आली.

छातीच्या रोग्यांचा तो वॉर्ड मागच्या इमारतीत, पार टोकाला आहे. फक्कीचा चौकोन होता पुढे, फाटकाला लागून.

"इथून मागच्या वॉर्डापर्यंत केबल जाणार?" मी विचारलं.

अभिमनने ट्रस्टच्या अध्यक्षांकडे पाहिलं. धनसिंगनाना ओसरीत खुर्ची टाकून बसले होते, पांढरं धोतर, पायाशी पानाचा डबा. "या ताई, बसा," ते म्हणाले. "आता नाही जाणार. लांब पडतं. पहिल्या टप्प्यात पुढची इमारत घेऊ. ऑफिस, हॉल, बाहेरचा बोर्ड. सगळं देवपूर अंधारात असलं तरी आपला बोर्ड पेटलेला दिसेल."

"आणि वॉर्ड?"

"दुसऱ्या टप्प्यात."

"तो कधी?"

"दाता मिळाला की." नाना हसले. "तुम्ही कॉलेजात शिकवता ताई. तुम्हाला काय सांगायचं? संस्था म्हटली की टप्प्याटप्प्यानेच."

"मला संस्थेतलं कळत नाही, नाना. माझे वडील बोर्डाखाली नाही गेले, एवढं कळतं."

नानांनी डबा उघडला आणि सुपारी कातरायला घेतली. अभिमनने माझा दंड धरून मला बाजूला नेलं.

"अक्का, समजून घे. वर्षश्राद्धाला पडदा उघडायचाय. पाहुणे येतील, दोंडाईचाचे सगळे अडते येतील, सोनगीरचे मामा येतील. आबांच्या नावाचा संगमरवराचा दगड घडवायला टाकलाय. मागे कोण जातं? मागे धोब्याचा हौद आहे, मढी ठेवायची खोली आहे. तिथे आबांचं नाव लावू?"

मग मला कळलं. जनरेटरची जागा दगडाने ठरवली होती. दगड रस्त्यावरून वाचता यायला हवा म्हणून मशीन फाटकाशी, आणि मशीन फाटकाशी म्हणून वीज फक्त ऑफिसला. आमच्याकडे दिलेल्या वस्तूवरच नाव लागतं. बाकाच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर. या दवाखान्यातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा दात्यांची नावं रंगवलेली आहेत आणि ती लाइट गेल्यावरच वाचता येतात. आबांच्या उशाशी बसून त्या दुपारी मी ती सगळी वाचली होती.

"तू मिरची विकतोस ना," मी अभिमनला म्हणाले. "गिऱ्हाइकाला वरची पोती दाखवून खालची सडकी देतोस?"

"अक्का, तोंड सांभाळ."

"आबांनी कधी दिली?"

त्याचे कान लाल झाले. "तुला काय! तू येतेस, बोलतेस आणि जातेस जळगावला. लोक मला विचारतात, बापासाठी काय केलं. दोंडाईचात राहायचं मला आहे."

ते खरं होतं, आणि त्यामुळे माझा राग कमी झाला नाही. मी चालत गेले आणि चपलेने त्या चौकोनाची एक बाजू पुसली, मग दुसरी. फक्की साडीच्या काठाला लागली. वायरमन झुलाल फावडं घेऊन उभा होता, तो दोन पावलं मागे सरला.

"ताई!" नाना उठलेच. "हे काय पोरखेळ? मुहूर्त पाहून आखलंय ते!"

"मग आम्हाला मशीन द्यायचंच नाही," मी म्हणाले.

"असं तुम्ही एकट्या नाही ठरवू शकत. दाता अभिमन आहे."

सगळ्यांनी अभिमनकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तेव्हा आई बोलली. तिने पुसलेल्या चौकोनाकडे बोट केलं.

"अभिमन, तुना आबा आठे गयात का?"

"माय, तू मधमा नको पडू."

"मी इचारस तुले. आठे गयात का?"

"नही."

"मंग जठे गयात तठे लाव. दगड लाव नही ते नको लावू." आणि ती ओसरीला वळसा घालून मागच्या इमारतीकडे चालू लागली. ती गेली म्हणून अभिमन गेला. अभिमन गेला म्हणून नानांना जावं लागलं, धोतराचा सोगा धरून, धोब्याच्या हौदाचं पाणी चुकवत.

वॉर्डाच्या भिंतीलगत मोकळी जागा होती. झुलालने टेप धरला. अभिमनने त्याच्याजवळचं फक्कीचं घमेलं ओढून घेतलं आणि स्वतःच वाकून रेघ मारली. वाकडी आली.

भिंतीच्या सावलीत एक बाई बसली होती, शिरपूरच्या वरच्या अंगाची, सातपुड्यातली असावी. तिचा नवरा आत होता. दगडीबाई तिचं नाव, तिने आईला सांगितलं. आबांची खाट होती तिच्या शेजारच्या खाटेवर तो होता, नाकात नळी.

"हाई काय बांधी ऱ्हायनात, भाऊ?" तिने विचारलं.

"जनरेटर," अभिमन म्हणाला. "लाइट गई तरी मशीन चालू राही."

"कधय?"

"पुढला महिनामा. आबास्ना वर्षश्राद्धले."

"तवलग?"

तिने टोमणा मारला नव्हता, तोवर काय, एवढंच सरळ विचारलं होतं. अभिमनने घमेलं हातात धरून वॉर्डाच्या खिडकीकडे पाहिलं.

"जनरेटर आता कुठे आहे?" मी नानांना विचारलं.

"गोदामात. तिथीपर्यंत तिथेच राहील. पाहुण्यांच्या हस्ते—"

"तिथीला आम्ही घरी जेवण घालू. मशीन आज आणायचं."

"पाया भरायला, वाळायला वेळ लागतो ताई! विचारा याला."

झुलालने मान खाजवली. "पाया तर लागेलच. तोवर सागाच्या ओंडक्यांवर बसवता येईल. पण हादरे बसतील, आवाज लई करेल."

"करू दे," मी म्हणाले.

"आणि दगड?" नानांनी अभिमनला विचारलं. "तो घडवून तयार होतोय, त्याचं काय?"

अभिमनने घमेलं झुलालच्या हातात दिलं, पांढरे झालेले हात पॅन्टला पुसले. "टेम्पो कुठे मिळेल?" त्याने विचारलं.