विभावरीचा अर्ज

विभावरी गेली तो नोव्हेंबर २००९ मधला एक बुधवार होता. सूर्यकांत अबुधाबीतल्या शाळेच्या सर्व्हर रूममध्ये बसून शाळेत कुठली वेबसाइट उघडायची, कुठली बंद ठेवायची याचा ताबा दुबईच्या हेड ऑफिसकडे सोपवत होता. मंदीत खर्च कमी करायचा म्हणून कंपनीने आपल्या सगळ्या शाळांची ही कुलपं एकाच जागी न्यायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या मैमुनाबींचा फोन आला. डोकं दुखतं म्हणून त्याची बायको विभावरी घरी राहिली होती. ती स्वयंपाकघरात पडली, तिला हॉस्पिटलात नेतायत, भाऊ तुम्ही या. सूर्यकांत आलोच म्हणाला. पण हातातलं काम पुरं करून, पासवर्ड देऊन, पोचल्याची ईमेल येईपर्यंत थांबून मग निघाला. त्यात वीस मिनिटं गेली. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. ती वीस मिनिटं त्याने कुणालाच सांगितली नाहीत.

विभावरी त्याच शाळेत नववीला विज्ञान शिकवायची. मंदीत प्रयोगशाळेतल्या कमरुद्दीनला घरी पाठवलं, आणि मदतनीस नाही म्हणून प्रयोगशाळेलाच कुलूप लागलं. विभावरी म्हणाली, ठीक आहे, व्हिडिओ दाखवीन. तिने इंटरनेटवर एका साइटवरचे अकरा व्हिडिओ शोधून वहीत यादी केली. पहिला दाखवायच्या आतच एका पालकाची तक्रार आली, त्या साइटवर बाजूला भलतीच जाहिरात दिसते म्हणून. प्रिन्सिपॉल म्हणाले, अख्खी साइट बंद करा. सूर्यकांतने केली. वर्गात पेन ड्राइव्ह आणि बाहेरचा लॅपटॉपही चालणार नाही, हे सर्क्युलर त्यानेच लिहिलं, त्यानेच सही केली.

"आता नवऱ्याकडे अर्ज करायचा का?" विभावरीने जेवताना विचारलं.

"कर. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं साहेब. आमटी वाढू, का त्यालाही फॉर्म आहे?"

दुसऱ्या दिवशी तिने रीतसर फॉर्म भरून त्याच्या ट्रेमध्ये ठेवला. काम दोन मिनिटांचं होतं. पण त्या दिवसांत कुणाची नोकरी कशावरून जाईल याचा नेम नव्हता. अकाउंट्समधल्या दोघांना नुकतंच पत्र मिळालं होतं. बायकोसाठी साइट उघडली असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याने तो फॉर्म ट्रेच्या तळाशी सारला. तिने दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी तो कामावर आला आणि आधी तो फॉर्म काढला. आता सही करून उपयोग नव्हता, ताबा गेला होता. रजा टाकून तो बसने दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समधल्या हेड ऑफिसला गेला. तिथल्या अंकुरने चहा मागवला, कॉम्प्युटरवर बघितलं आणि मान हलवली.

"काका, मॅडमचा एम्प्लॉयी नंबर बंद झालाय. सिस्टिम रिक्वेस्ट घेतच नाही."

"माझा घाल."

"तुम्ही टीचिंग स्टाफ नाही ना. दुसऱ्या कुठल्या टीचरचा आणा, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं आहे हे सूर्यकांतला कुणी सांगायला नको होतं.

जानेवारीत विभावरीच्या जागी वासिफ आला. रत्नागिरीचा, सरळ माणूस. त्याने फॉर्म वाचला आणि घडी घालून परत दिला.

"सर, मॅडमच्या वर्गासाठी काहीही सांगा. पण ही कम्प्लेंट झालेली साइट आहे. बायकोचा, कुलसुमचा व्हिसा आत्ता कुठे लागलाय. माझं प्रोबेशन संपू दे, इन्शाल्ला बघू."

सूर्यकांतच्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. ते त्याने गिळलं. वासिफ परक्या बाईच्या फॉर्मला घाबरला. सूर्यकांत स्वतः कुणाच्या फॉर्मला घाबरला होता?

शेवटी त्याने पहिला व्हिडिओ घरी उतरवून घेतला आणि आपला लॅपटॉप घेऊन नववीत गेला. वासिफ पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पडला. अठ्ठावीस मुलं त्या एवढ्याशा पडद्याभोवती दाटून उभी राहिली. पाण्यातून वीज सोडलेली, दोन नळ्यांत बुडबुडे चढतायत. विभावरीच्या वहीत लिहिलं होतं, 'इथे थांबवणे. कुठल्या नळीत दुप्पट वायू, ते विचारणे.' त्याने थांबवलं आणि विचारलं.

सगळ्यात पुढे ईश्वरी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅमने सांगितलं होतं, धिस वन वुड बी फर्स्ट."

कुठल्या नळीत, ते कुणी सांगायच्या आत सुपरवायझर दारात आले.

रविवारी मेमो मिळाला. सोबत सर्क्युलरची प्रत जोडली होती, खाली सूर्यकांतची सही. पुन्हा असं करणार नाही हे त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि त्याने ते लिहून दिलं.

एप्रिलमध्ये ती मुलं दहावीत गेली. वासिफचं प्रोबेशन जूनमध्ये संपलं. त्याला विचारलं की तो अजून इन्शाल्ला म्हणतो. साइट बंद आहे. यादीतले दहा व्हिडिओ दाखवायचे राहिले आहेत, आणि विभावरीच्या अर्जावर सही झालेली नाही.