तिसऱ्या सेटचा शेवटचा चेंडू

“अण्णा, त्यो मुंबैवाला तर हलत बी न्हाय. धावतायत ते आपलेच मार्तंडदादा,” गाडीवान बाळाजी म्हणाला. “मग जिततंय कोन?”

“धावतोय तोच,” विश्वंभरपंत म्हणाले. रेवदंड्याच्या त्यांच्या वाडीत रहाटाचा बैल चालला तरच नारळींना पाणी मिळे.

शेजारचे वकील हळूच म्हणाले, “पहिला सेट गेला, पंत. सहा-शून्य.”

अलिबागच्या क्लबातली ही किनाऱ्यावरची सर्वांत मोठी टेनिस स्पर्धा. मार्तंड इथल्याच शाळेत मास्तर होता आणि शाळा सुटली की या लाल मातीवर असे. दमट हवेने रॅकेटच्या जाळीची तात सैल पडते म्हणून ती मेणकापडात गुंडाळून ठेवी. “बाळंतिणीसारखी जपतोस,” पंत म्हणत. त्यांना एकुलता मुलगा वाडीत हवा होता. शेवटी दोघांत ठरलं: एकेरी जिंकली तर पंतांनी तो विषय पुन्हा काढायचा नाही; हरली तर मार्तंडने नोकरी आणि खेळ सोडून घरी यायचं.

मुंबईकर एक चेंडू या कोपऱ्यात टाकी, पुढचा त्या. मार्तंडची पांढरी विजार गुडघ्यापर्यंत लाल झाली. दुसऱ्या सेटमध्ये त्याला एकच गेम मिळाला, तिसऱ्यात तोही नाही. लोक चहाकडे वळू लागले.

शेवटचा चेंडू जाळ्यापाशी अलगद पडला. मार्तंड पार मागे होता.

“आता कशाला धावतात? पोचायचे न्हाईत,” बाळाजी पुटपुटला.

मार्तंड पोचला. चेंडू रॅकेटच्या कडेला लागून जाळ्यात गेला. त्याने मुंबईकराचा हात हातात घेतला आणि मोकळेपणी हसला. वाडीत तो असा हसलेला पंतांना आठवेना.

संध्याकाळी तो गाडीपाशी आला. रॅकेट उघडीच होती. ती त्याने पंतांपुढे धरली.

“ठरल्याप्रमाणे, अण्णा. उद्या राजीनामा देतो.”

पंतांनी ती हातात घेतली. त्यांना वाटली होती त्याहून ती जड होती.

“तो शेवटचा लागणार नव्हता, हे मलासुद्धा दिसत होतं. का धावलास?”

“मलाही दिसत होतं. पण कधी कधी लागतो.”

समुद्रावरून दमट वारा सुटला होता. पंतांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, रॅकेटभोवती नीट गुंडाळलं आणि ती त्याच्या हातात परत दिली.

“चल रे बाळाजी,” गाडीत चढत ते म्हणाले, “मास्तरांना उद्या शाळा आहे.”