दामिनीच्या नावाखाली अमरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना रेझ्युमे आहे. भंडाऱ्यात बस स्थानकाजवळ चंद्रकुमारभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या संगणकात मी राहतो. माझा जन्म आंबागडच्या अमरसाठी झाला. तेव्हा मी एका पानाचा, नीटनेटका होतो. अमरला नोकरी लागली आणि माझं नशीब फिरलं. ‘हा लाभतो’ अशी माझी कीर्ती पसरली. मग जो येईल त्याचं नाव माझ्यावर चढू लागलं.

तेव्हापासून मला चैन नाही. सकाळी मी वेल्डर असतो, दुपारी नर्स, संध्याकाळी शिक्षक. जाताना प्रत्येक जण काहीतरी विसरून जातो. असा मी फुगत फुगत तीन पानांचा झालो. ‘मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुण’ हे शब्द मुळात कोणाचे होते, मलाही आठवत नाही. आळशी माणसांनीही ते खोडले नाहीत.

या उन्हाळ्यात साकोलीजवळच्या एकोडीची दामिनी आली. साकोलीकडच्या एका राइस मिलमध्ये धान तपासणाऱ्याची जागा निघाली होती. घरून जाऊन-येऊन करता येईल अशी तिच्यासाठी ती एकच नोकरी होती. झेरॉक्सची दुकानं साकोलीतही होती; पण जिल्ह्याच्या ठिकाणचा रेझ्युमे वजनदार असतो, असं तिच्या आईनं, पुष्पाबाईंनी, ठरवलं होतं.

“भाऊ, मी दोन हंगाम खरेदी केंद्रावर धानाची ओल तपासली. ते लिहा.”

“धानाचं कायले लिहाचं, बाई?” चंद्रकुमारभाऊ म्हणाले. “धान तर अख्खा जिल्हाच करून राहिला. कंपनीत चालली न तू? काहीतरी मोठं लिहू.”

मोठं म्हणजे ‘बहुराष्ट्रीय वातावरणात काम करण्याची तीव्र इच्छा’. दामिनीचा चेहरा उतरला; पण टाइप करणाऱ्याला अडवायचं कसं? भाऊंनी नाव, फोटो, पत्ता बदलला. फोन नंबर अमरचाच राहिला. चुकलेल्या शब्दाखाली माझ्या अंगावर लाल रेघ उमटते. चुकलेल्या माणसाखाली उमटत नाही. मी तसाच मिलला रवाना झालो.

दामिनी फोनची वाट पाहत राहिली. अंगणात गेली तरी फोन पदरात बांधल्यासारखा सोबत. फोन मात्र आंबागडला वाजला.

दुसऱ्या दिवशी ती चौकशीला दुकानात आली, तेवढ्यात अमरचा भाऊंना फोन आला. तो स्पीकरवर होता. “काय बे चंद्रकुमार! सकाळपासून मिलचा मॅनेजर मले दामिनीताई म्हणून राहिला. मी पुरुष आहो म्हटलं, तर म्हणते, मग फोटो कोणाचा?”

दामिनी हसली नाही. अमरकडून नंबर घेऊन तिनं तिथूनच मॅनेजरला फोन लावला.

“बाई, तीन पानं वाचली,” मॅनेजर वैतागून म्हणाले. “धान कुठंच नाही. तुमचा रेझ्युमे बाजूलाच ठेवला होता. पत्ता एकोडीचा दिसला, म्हणून विचारावं म्हटलं, धान ओळखता का? तर भलताच माणूस बोलला. जागा उद्या भरून राहिलो आम्ही.”

“ओळखतो साहेब,” दामिनी म्हणाली. “आजच नीट लिहून पाठवतो.”

तिनं फोन ठेवला. “भाऊ, सरका.”

“अवं, मी करून देतो न!”

“तुमीच केलं होतं न?”

भाऊ सरकले. तिनं मला बंद केलं आणि कोरं पान उघडलं. दोन बोटांनी, अक्षरं शोधत, ती लिहू लागली: कोणत्या केंद्रावर, किती हंगाम, ओलं धान परत पाठवताना शेतकऱ्याशी वाद कसा मिटवला. पान अर्धंही भरलं नाही. मग तिनं त्यातला नंबर भाऊंना लावायला सांगितला. तिच्या हातातला फोन वाजला, तेव्हाच तिनं मेल पाठवला.

पुढच्या आठवड्यात ती रुजू होण्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आली. जाताना म्हणाली, “ते जुनं मिटवा आता, भाऊ.”

“काहून? चालते ते,” भाऊ म्हणाले.

मित्रांनो, छत्री, सायकल, चप्पल आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. कोऱ्या पानावर आपण खरोखर केलेलं काम लिहा आणि मला मिटवून टाका. जरा लवकर करा. खुर्ची सरकली आहे, आणि भाऊ कोणाला तरी नाव विचारून राहिलेत.