नाचघरात राहिलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या अंगावरचं काळं कातडं कडांना उडालं आहे आणि गळ्यातला पट्टा मूळचा नाही, तो एका शबनम पिशवीचा बंद आहे. नजर मात्र अजून शाबूत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे काचा घासणाऱ्या बायका एकेका भिंगावर दिवस दिवस हात चालवत. भिंग पाण्यासारखं झालं की त्या ते दिव्यासमोर धरत आणि मान डोलावत. मग मला विकत घेतलं एका नाटकवेड्या मामांनी. ते नेहमी शेवटच्या रांगेत बसत. राजाच्या मिशीचं टोक सुटलेलं साऱ्या नाट्यगृहात पहिल्यांदा मला दिसे! पुढे मामांचे गुडघे धरले, नाटकं सुटली आणि मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी जाऊन पडले. किती वर्षं, ते अंधारात कळत नाही. भिंगाला बुरशी धरते, एवढं कळतं.

तिथून मला काढलं मामांच्या भाचीनं. ती सारखी प्रश्न विचारी, म्हणून घरात तिला सगळे 'चौकशीबाई' म्हणत. त्या वर्षी तिच्या कॉलेजचं एक सत्र चक्क जहाजावर भरणार होतं. रोज वर्ग आणि मधूनमधून एखादं बंदर.

"मामा, ही इथे काय करतेय?"

"काही नाही. माझ्यासारखी बसून आहे."

"मग मी नेऊ?"

मामांनी मला हातात घेऊन उगाच इकडेतिकडे फिरवलं. "ने. पण आठवणीनं परत आण."

मित्रांनो, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, पडदा वर गेला आहे आणि नट यायचे आहेत. ते आले एका सकाळी, बंदराच्या रूपानं. जहाज धक्क्याला लागायच्या आधीच चौकशीबाईनं मला डोळ्यांना लावलं. एका गच्चीवर कुणीतरी गालिचा झटकत होतं. एका खिडकीत मांजर आणि म्हातारा दोघं एकाच दिशेला बघत होते. "काय बघत असतील गं?" तिनं आपल्या खोलीतल्या मैत्रिणीला विचारलं. तिचं नाव जहाजावर 'झोपाळू' पडलं होतं. "नाश्ता," झोपाळू म्हणाली.

उतरताना सरांनी बजावलं, "रात्री दुसरा भोंगा झाला की शिडी वर जाईल. कुणासाठी थांबणार नाही."

दिवसभर आम्ही पायपीट केली. घड्याळाच्या मनोऱ्यावर चढलो, मासळीबाजारातून नाक धरून गेलो. चढावरच्या गल्लीतले सगळे दरवाजे निळेच का, हे चौकशीबाईनं तीन जणांना विचारलं आणि तिला तीन वेगळी उत्तरं मिळाली. ती खूश झाली. दिवे लागले तशी धक्क्याजवळच्या नाचघरातून वाद्यांचा आवाज येऊ लागला. झोपाळू एकदम जागी झाली. "चल, आज नाचायचं."

नाचघराच्या दाराशी कोट-छत्र्या सांभाळायची खिडकी होती. तिथल्या मावशींकडे मला सोपवून दोघी आत गेल्या. मी फळीवरून बघत होते. चौकशीबाई आधी भिंतीला चिकटून होती. मग ढोलवाल्याला काहीतरी विचारायला गेली आणि परत येता येता कधी नाचू लागली, तिचं तिलाही कळलं नाही. तोंड घामेजलेलं, पाय भलतीकडे, आणि हसू थांबत नव्हतं.

दम खायला ती खिडकीशी आली, तेव्हा मावशींनी मला उचललं. "पोरी, यातून काय काय दिसतं?"

"बघा ना. कुठे बघायचंय?"

मावशींनी मागची खिडकी उघडली. दूर पाण्यात गाळ काढणारी एक बोट दिवे लावून उभी होती. "माझा मुलगा आहे तिच्यावर. महिनामहिना घरी येत नाही. मी रोज इथून हात करते. तो बघतो की नाही, देव जाणे."

चौकशीबाईनं माझं चाक हळूहळू फिरवून दिलं. मावशींचा श्वास माझ्या काचेवर थांबला.

"अगं बाई, दाढी वाढवलीय यानं," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "स्वेटर घातलाय. मी विणलेला."

तेवढ्यात पहिला भोंगा झाला. झोपाळू धावत आली. मावशींनी मला लगेच पदराला पुसून परत दिलं. चौकशीबाईनं मला गळ्यात घातलं, दारापर्यंत गेली आणि थबकली. तिनं फोन काढला.

"मामा, तुझी दुर्बीण मी परत आणली नाही तर?"

"हरवलीस?"

"नाही रे. इथे एक मावशी आहेत." आणि तिनं भराभर सगळं सांगितलं. झोपाळू तिचा दंड ओढत होती.

"उजवं भिंग फिरवताना जरा अडतं," मामा म्हणाले. "त्यांना सांग, जोर लावायचा नाही."

चौकशीबाईनं तो निरोप सांगितला, मला मावशींच्या हातात ठेवलं आणि दोघी पळत सुटल्या. मावशी नको नको म्हणेपर्यंत त्या वळणापलीकडे गेल्याही. त्यांनी घाईनं मला डोळ्यांना लावलं. शिडी हलली होती. दोन मुली तिच्यावर चढत होत्या आणि सर हात नाचवत होते. "पोचल्या," मावशी मला म्हणाल्या. माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत मुलगा घरी आला, तेव्हा मावशींनी आधी दाढीचा विषय काढला. तो चकित झाला. "तुला कुणी सांगितलं?" त्यांनी मला त्याच्यापुढे ठेवलं. तेव्हापासून दिवे लागले की तो बोटीच्या कठड्याशी येतो, केस नीट करतो आणि दोन्ही हात वर करतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या कपाटात कुणीतरी पडून असेल. त्याला बाहेर काढा, मऊ कापडानं पुसा. तुम्हाला त्याचा उपयोग नसेल, तर कुणाला आहे ते जरा विचारत हिंडा. आता मला थांबायला हवं. तिकडे बोटीवर दिवे लागताहेत, आणि मावशींनी हात कोरडे केले आहेत.