मधली बाई

पिनचं टोक पुन्हा बोटात रुतलं, पण ते दोन चिमुकले झेंडे — एक ब्रिटनचा, एक चीनचा — कोटाच्या कॉलरवर सरळच बसायला हवे होते... डॉक्टर पेम्बर्टन शहाण्या मुलासारखे मान वर करून उभे होते आणि विनीता वाकून पिन लावत होती. अर्ध्या तासात बुओना व्हिस्टाच्या या इमारतीत त्यांच्या आणि प्रोफेसर लियांगच्या प्रयोगशाळांचा करार व्हायचा होता. त्यातलं सातवं कलम तिनंच टाइप केलं होतं : यापुढे दोन्ही बाजू परस्परांशी थेट संपर्क ठेवतील. थेट. म्हणजे मध्ये समन्वयक नको. म्हणजे महिनाअखेर तिची नोकरी गेली, नोकरीबरोबर या परक्या देशात राहायचा पास, पासबरोबर पासिर रिसचा फ्लॅट आणि गार्गीची शाळा.

सकाळी दप्तर भरता भरता गार्गी म्हणाली होती, "आई, जस्ट टेल देम लाह. यू डिड एव्हरीथिंग."

सांगू? पण मी काय सांगू? की चार वर्षांपूर्वी हे दोघे एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, आणि तांदळातले खडे वेचावेत तशी मी यांच्या पत्रांतली कुसकी वाक्यं वेचून काढली? लियांगनी न केलेली स्तुती पेम्बर्टनना कळवली, पेम्बर्टनना न सुचलेली दिलगिरी लियांगना? आणि तो चहा... पेम्बर्टनची बायको हॉस्पिटलात होती तेव्हा चायनाटाऊनमधून शेवंतीच्या चहाचा डबा आणून, कोणालाही न विचारता, लियांगच्या नावानं तिनंच दिला होता. तिथून पेम्बर्टन विरघळले. विषय कधी निघालाच तर, या धास्तीत तिनं तीन वर्षं काढली होती.

आणि आज समारंभात तो निघाला. भाषणाचा कागद बाजूला ठेवून पेम्बर्टन म्हणाले, "माझी बायको आजारी असताना लियांगनी चहा पाठवला होता. मैत्री म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं."

विनीताची नजर लियांगकडे गेली. आता लियांग म्हणणार, मी नाही पाठवला — आणि तिला तेच हवं होतं, मनापासून हवं होतं. म्हणू दे, मग सगळे विचारतील, पाठवला कोणी? लियांगनी थेट तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. कळलेलं तिला दिसलं. मग पेम्बर्टनच्या दंडावर हात ठेवून ते म्हणाले, "त्यात काय एवढं! मित्रासाठी एवढंही करू नये का?"

टाळ्या कडाडल्या. तिनंही वाजवल्या. काय करणार?

सह्या झाल्यावर बशी घेऊन लियांग तिच्याजवळ आले. हळूच म्हणाले, "चहा कुठला होता? उद्या त्यांनी विचारलं तर मला ठाऊक असावं."

तिला ओरडायचं होतं. तिनं दुकानाचं नाव सांगितलं. डब्याचा रंगही सांगितला — पिवळा — आणि वर म्हणाली, "वहिनींना फार आवडला होता, असंही म्हणा, त्यांना बरं वाटेल." लियांग मान डोलावून निघून गेले. विनीता तशीच उभी राहिली. लियांगचा राग येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण राग येत होता तो आत्ताच ऐकलेल्या त्या स्वतःच्या आवाजाचा — किती गोड, किती तत्पर... ही मधली बाई. महिनाअखेर हिला इथून काढतील. पण माझ्यातून हिला कोण काढणार?