चंद्रीचं पोट

आमच्या चंद्रीचं पोट दर पंधरा दिवसांनी दुखायचं आणि दर वेळी मी कोणाला तरी फैलावर घ्यायची. आधी गवतवाल्याला, मग राजेंद्र नगर कॉलनीतल्या शेजाऱ्यांना, कारण ते तिला शेव चारायचे. ह्यांना तर रोजच. हे म्हणजे संताजीराव. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, म्हणून घरामागे एक घोडी हवीच, असं मानणारे.

चौथ्यांदा चंद्री जमिनीवर लोळायला लागली तेव्हा पलासियाहून जनावरांची डॉक्टर मधुरिमा आली. इंजेक्शन देऊन म्हणाली, "काकू, परत असं झालं तर रिस्क आहे. शहराबाहेर सांवेरकडे ओळखीचा फार्म आहे, तिकडे भेजून द्या. दिवसभर चरेल."

ह्यांनी मान खाली घातली. चंद्री गेली तर ह्या घरात माझं बोलणं मुकाट ऐकून घेणारं राहणार कोण?

"कब-कब दुखलं, लिहून ठेवलंय?" मधुरिमाने विचारलं. मी तोऱ्यात कॅलेंडर पुढे केलं. प्रत्येक दुखण्याला लाल गोल केला होता.

"काकू, हे सगळे गोल एकादशीच्या दुसऱ्याच दिवशी कसे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"घरात सगळ्यांचा उपास, मग तिचा नको?" मी म्हटलं. "त्या दिवशी चारा बंद ठेवते. संध्याकाळी घमेलंभर साबुदाण्याची खिचडी घालते."

"घमेलंभर?"

"घोडी आहे ती. वाटीभर कशी पुरेल?"

मधुरिमा हसत पायरीवरच बसली. "घोड्याचं पेट रिकामं नाही ठेवायचं, काकू. चारा सतत पाहिजे. खिचडी एकदम बंद. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लीद टाकली की समजा, पेट ठीक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या कॉलनीला बोल लावले आणि चोर निघाले मीच.

पुढच्या एकादशीला मी देवाला सांगून टाकलं, चंद्रीचा उपासही माझ्याच नावावर धर. दिवसभर तिच्यापुढे गवत होतं. द्वादशीच्या सकाळी आम्ही दोघं चहा न घेताच मागच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. बराच वेळ काही होईना. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

मग चंद्रीने शेपूट उचललं आणि भरपूर लीद टाकली.

"झाली," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. मला तर रडूच आलं. लगेच मधुरिमाला फोन लावला.

"मग आता कशाला भेजता?" ती म्हणाली. "राहू द्या घरीच."

मी चंद्रीच्या गळ्यात पडले. तिने मला डोक्याने बाजूला सारलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.