घरी जाताना द्यायच्या सूचना

डॉक्टर विल्बर्ट कानुल यांनी म्हातारीचा गुडघा दुमडून मांडी वर ओढली, तसा निखळलेला खुब्याचा सांधा खटकन जागेवर बसला. क्रिसान्ता आजी भुलीत होत्या म्हणून बरं. नऊ दिवसांपूर्वी त्यांचा खुबा मोडला, तेव्हा डॉक्टरांनीच त्यात धातूचा गोळा बसवला होता.

बाहेर आजींची लेक एल्मी भिंतीला चिकटून उभी होती. सिस्टर ओडेटनी तिला आधीच फैलावर घेतलं होतं. घरी नेल्यावर शेजाऱ्यांची खाट मागून आणली, पण दोन रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून तिसऱ्या रात्री तिला तिच्या नेहमीच्या, टांगलेल्या जाळीच्या झोळीत निजवलं, असं एल्मी मान खाली घालून सांगत होती. सकाळी उठताना गुडघे पोटाशी आले आणि सांधा निखळला.

"चूक माझीच, डॉक्टरसाहेब. भाऊ आता मला दारात उभं करायचा नाही."

"कागदावर सगळं लिहून दिलं होतं," म्हणत सिस्टरनी फाइल पुढे केली. सांधा निखळण्याचं कारण त्यात लिहून तयार होतं: 'नातेवाइकांचा हलगर्जीपणा.' फक्त डॉक्टरांची सही हवी होती.

तो सूचनांचा कागद डॉक्टरांनीच तयार केला होता. खाट उंच हवी, पायांमध्ये उशी हवी. झोळीचं नाव नाही, आणि तेही युकातानमध्ये, जिथे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे झोळीतच झोपतात. लिहिताना आठवली नव्हती असंही नाही. पण राजधानीतले मोठे डॉक्टर शेजारी बसले होते, आणि झोळीचं नाव काढलं तर आपण खेडवळ ठरू, याची त्यांना लाज वाटली होती. आज त्या लाजेचीच लाज वाटत होती. तरी त्यांनी सही केली.

तासाभराने आजी शुद्धीवर आल्या. डॉक्टर फाइल घेऊन खाटेशी उभे होते. आजी लेकीशी तिथल्या गावाकडच्या माया भाषेत हळू बोलल्या.

"रडू नको गं. आणि या डॉक्टरवर राग धरू नको. शहरातला माणूस, त्याला झोळीतलं काय कळतंय?"

एल्मी डॉक्टरांकडे वळून स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आई तुमचे आभार मानतेय."

डॉक्टरांनी फाइल उघडली, ती ओळ सहीसकट खोडली. मग त्या इस्पितळात कधीच न बोललेल्या आपल्या आईच्या माया भाषेत म्हणाले, "आजी, मीही झोळीतच झोपतो. अजूनही."

आजींनी उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

"मग सांगितलं का नाहीस, लेका?"